इस्ट्रोजेन घटवणाऱ्या कॅप्सूल : तीन महिन्यांच्या वापरानंतर

ज्या बाटलीविषयी हे परीक्षण आहे, तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला, आयाळ उधळणारा एक काळा घोडा छापलेला आहे आणि त्याच्या खुरांखाली ‘शरीरातले इस्ट्रोजेन हटवा, पुरुषत्व परत मिळवा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. या चित्राची गंमत मला बाटली संपल्यावर कळली. १९३४ मध्ये बर्नहार्ड झोंडेक या संशोधकाला घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात इस्ट्रोजेन हे एरवी स्त्रीचे मानले जाणारे संप्रेरक इतक्या प्रचंड प्रमाणात सापडले की त्याने त्याचा स्वतंत्र वृत्तान्तच प्रसिद्ध केला. हे इस्ट्रोजेन घोड्याच्या वृषणांत तयार होते आणि तरीही घोडा उत्तम प्रकारे घोडाच असतो. इस्ट्रोजेनविरुद्ध मोहीम काढणाऱ्या कंपनीने बोधचिन्ह म्हणून नेमका हाच प्राणी निवडावा, यावरून तिच्या अभ्यासाचा अंदाज यावा.

आता ही बाटली घरात आली कशी, ते सांगतो. दीड वर्ष प्रयत्न करूनही मूल होत नव्हते, पत्नीच्या सगळ्या तपासण्या व्यवस्थित आल्या होत्या, आणि पुष्कळ टाळाटाळीनंतर केलेल्या माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या प्रति मिलिलिटर १ कोटी १० लाख आणि हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण ३४ टक्के निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत या दोन्हींची खालची मर्यादा अनुक्रमे १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के अशी दिली आहे. म्हणजे आकडे कमी होते, पण हात टेकावेत इतके कमी नव्हते. अशा वेळी सरळ डॉक्टरांकडे जायला हवे होते. मी गेलो नाही, कारण लाज वाटली. रात्री अंथरुणात फोनवर शोधत बसलो आणि दोन दिवसांत या कॅप्सूलची जाहिरात माझ्या मागे लागली.

खरेदीची सुरुवात एका प्रश्नावलीने होते. दुपारी थकवा येतो का, पोटाचा घेर वाढला आहे का, पूर्वीसारखी इच्छा होत नाही असे वाटते का, चिडचिड होते का, असे दहा प्रश्न विचारून झाले की पडद्यावर एक काटा फिरतो आणि लाल पट्ट्यात जाऊन थांबतो. माझा काटा थांबला, तेव्हा मी घाबरलो. पुढे कधीतरी, निव्वळ खातरजमा म्हणून, मी हीच प्रश्नावली पुन्हा उघडली आणि प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले. तेव्हा काटा पिवळ्या पट्ट्यात थांबला आणि ‘धोका सुरू होण्याआधीच सावध व्हा’ असा सल्ला मिळाला. हिरवा पट्टा केवळ शोभेसाठी रंगवलेला असावा.

प्रश्नावलीनंतर घरबसल्या हार्मोन तपासणीचा संच येतो. बोटाला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावरच्या गोलांत पाडायचे, कागद वाळवायचा आणि पाकिटात घालून परत पाठवायचा, अशी ही पद्धत आहे. सूचनापत्रक देखणे आहे, टोचणी चांगली आहे, पण रक्त किती वाजता काढायचे याचा त्यात उल्लेखच नाही. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरत जाते, त्यामुळे ही तपासणी सकाळीच करायची असते. मी मात्र ऑफिसातून आल्यावर चहा पिऊन थेंब पाडले होते. अहवालात माझे इस्ट्राडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, प्रति मिलिलिटर ३६ पिकोग्रॅम आले आणि शेजारी वर जाणारा लाल बाण होता. बहुतेक प्रयोगशाळा प्रौढ पुरुषासाठी साधारण १० ते ४० ही कक्षा धरतात. या अहवालात मात्र ‘आदर्श कक्षा’ या नावाखाली २० ते ३० असे छापले होते आणि ती कक्षा कोणी ठरवली, हे कोठेही लिहिलेले नव्हते. शिवाय इस्ट्राडिऑल मोजण्याच्या नेहमीच्या चाचण्या स्त्रियांच्या रक्तातले मोठे आकडे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या आहेत. पुरुषाच्या रक्तातली लहानशी मात्रा त्यांना नीट पकडता येत नाही, आणि त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर आधारलेली अधिक संवेदनशील चाचणी लागते. आपली चाचणी कोणत्या पद्धतीची आहे, हे सांगण्याची तसदी या अहवालाने घेतलेली नाही. संपूर्ण उत्पादनातला सर्वांत आक्षेपार्ह भाग मला हाच वाटतो, कारण कॅप्सूल निदान उघडपणे विकली जाते, हा लाल बाण मात्र निदानाचा आव आणतो.

कॅप्सूलविषयी बोलायचे तर ती मोठी आहे, गिळताना घशाला लागते, आणि झाकण उघडल्याबरोबर जुन्या, उकडलेल्या कोबीचा वास येतो. वास खरा आहे. मुख्य घटक म्हणून लिहिलेले डी.आय.एम. हे द्रव्य कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या कुळातल्या भाज्यांमधल्या एका संयुगापासून पोटात तयार होते. शरीर इस्ट्रोजेनचे विघटन कोणत्या मार्गाने करते यावर त्याचा काही परिणाम होतो, पण त्यामुळे पुरुषाचे शुक्राणू वाढतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. दुसरा घटक क्रायसिन. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात तो टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करणाऱ्या अ‍ॅरोमाटेज या एन्झाइमला खरोखर अडवतो, आणि जाहिरातीत त्याच प्रयोगाचा गवगवा केलेला आहे. तोंडावाटे घेतलेले क्रायसिन मात्र आतडे आणि यकृत यांतून पार होऊन रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही, ही गोष्ट जाहिरात सांगत नाही. हे दोन्ही घटक, शिवाय अंगाला लागली की खाज आणणाऱ्या एका वनस्पतीचे मूळ, अशा सगळ्यांचे मिळून ‘विशेष मिश्रण ६५० मिलिग्रॅम’ एवढेच लिहिले आहे, त्यात कोणाचा वाटा किती ते नाही. प्रमाण स्पष्ट लिहिलेला घटक एकच, तो म्हणजे जस्त, दिवसाला ५० मिलिग्रॅम. प्रौढांसाठी रोजच्या जस्ताची वरची सुरक्षित मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली जाते, आणि दीर्घकाळ जास्त जस्त घेतल्यास शरीरातले तांबे कमी होऊ लागते. थोडक्यात, ज्या घटकांचे प्रमाण कळायला हवे होते ते झाकलेले आहे, आणि जो उघड आहे तो गरजेपेक्षा अधिक आहे.

सोबतच्या पुस्तिकेत सोयाबीन सोडा, असेही बजावले आहे. सोयाचे पदार्थ खाणाऱ्या पुरुषांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन यांत फरक आढळलेला नाही, त्यामुळे त्यावर अधिक शब्द खर्च करत नाही. पुस्तिकेतली एक गोष्ट मात्र बरोबर आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परिणाम पाहण्यासाठी ती तीन महिने मागते. शुक्राणू तयार होण्यास साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यानंतर एपिडिडिमिस या वृषणाला लागून असलेल्या नळीतून प्रवास करत परिपक्व होण्यासाठी आणखी काही दिवस जातात, त्यामुळे कोणत्याही उपायाचा परिणाम वीर्यात दिसायला तेवढा अवधी लागतोच. अर्थात तेवढ्या अवधीत तीन बाटल्याही खपतात.

मी तीन बाटल्या नेमाने संपवल्या. त्यानंतर सकाळी उपाशीपोटी, नेहमीच्या प्रयोगशाळेत, मास स्पेक्ट्रोमेट्रीची चाचणी करून घेतली. इस्ट्राडिऑल ३१ आणि टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर ४३० नॅनोग्रॅम निघाले. कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर ‘बघा, छत्तीसचे एकतीस झाले’ म्हणून माझे अभिनंदन केले. दोन वेगळ्या पद्धतींनी, दिवसाच्या दोन वेगळ्या वेळी मोजलेले आकडे असे शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही, हे मी त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला. वीर्यतपासणीत संख्या १ कोटी २० लाख आली. हा फरकही फरक म्हणावा असा नाही, कारण एकाच पुरुषाचे दोन नमुने यापेक्षा कितीतरी अधिक फरकाने वेगळे येऊ शकतात. इच्छा, ताठरता, झोप, पोटाचा घेर, सारे जिथल्या तिथे होते.

तेव्हा कॅप्सूलने काही केले नाही, असा माझा निष्कर्ष आहे, आणि ती काही करत नाही हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. हे उपरोधाने लिहिलेले नाही. ज्या गृहीतकावर हे उत्पादन उभे आहे ते असे की इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक असून पुरुषाच्या शरीरात ते घुसखोरासारखे शिरते. प्रत्यक्षात ते बाहेरून येत नाही. पुरुषाचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉनच अ‍ॅरोमाटेजच्या मदतीने इस्ट्राडिऑलमध्ये रूपांतरित होते, आणि हे काम चरबीत, हाडांत, मेंदूत आणि खुद्द वृषणांतही अव्याहत चालू असते. पुरुषाच्या इस्ट्राडिऑलपैकी सुमारे पाचवा हिस्सा वृषणांतून थेट येतो आणि उरलेले बाकीच्या ऊतींमध्ये बनते. जे संप्रेरक शरीर आपल्याच कारखान्यात, आपल्याच कच्च्या मालापासून, इतक्या ठिकाणी मुद्दाम तयार करते, ते निरुपयोगी असेल असे मानण्याआधी माणसाने जरा थांबायला हवे होते. मीही थांबलो नव्हतोच.

मूल होण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. १९९३ मध्ये इस्ट्रोजेनचा आल्फा ग्राही, म्हणजे पेशीत इस्ट्रोजेनचा संदेश पकडणारा रेणू, नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार करण्यात आले आणि त्यांतले नर वंध्य निघाले. असे का व्हावे, याचा उलगडा १९९७ मध्ये रेक्स हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वृषणात तयार झालेले शुक्राणू भरपूर द्रवात तरंगत बाहेर पडतात आणि वृषण व एपिडिडिमिस यांच्यामधल्या काही बारीक नलिकांतून पुढे जातात. या नलिकांच्या भिंती त्यातला बहुतांश द्रव शोषून घेतात, म्हणून शुक्राणू पुढे दाटीने जमतात, जसा पातळ रस आटवला की घट्ट होतो. हे शोषणाचे काम इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर अवलंबून असते, आणि नराच्या जननमार्गात या ग्राहीची सर्वाधिक गर्दी याच नलिकांत असते. ग्राही नसलेल्या उंदरांत द्रव शोषला गेला नाही, तो मागे वृषणात तुंबला, वृषण आधी फुगले आणि मग त्या दाबाने आतली शुक्राणू घडवणारी ऊतीच खंगत गेली. हा मजकूर वाचला, तेव्हा टेबलावरच्या घोड्याच्या बाटलीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिले. शुक्राणू वाढवण्यासाठी मी जी गोष्ट पुसून टाकायला निघालो होतो, तिच्या अभावी उंदरांचे वृषण उद्ध्वस्त झाले होते.

उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. माणसांचीही उदाहरणे आहेत, पण थोडी. १९९४ मध्ये अमेरिकेत २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या आल्फा ग्राहीतच बिघाड होता, त्यामुळे रक्तात भरपूर इस्ट्रोजेन असूनही शरीराला ते जाणवतच नव्हते. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि तो अजून वाढतच होता, कारण हाडांची टोके बंद करण्याचा आदेश पुरुषालाही इस्ट्रोजेनच देते. हाडे मात्र ठिसूळ झालेली होती. त्याचे टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, पण त्या टेस्टोस्टेरॉनने हाडे वाचवली नाहीत.

लैंगिक इच्छेच्या बाबतीत मला स्वतःला पटलेला पुरावा २०१३ मध्ये जोएल फिंकेलस्टीन आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. वीस ते पन्नास वयाच्या चारशे निरोगी पुरुषांचे स्वतःचे संप्रेरक त्यांनी औषधाने बंद केले आणि त्यांना १६ आठवडे टेस्टोस्टेरॉनचे जेल वेगवेगळ्या मात्रांत, काहींना नुसते औषधविरहित जेल, दिले. यांतल्या निम्म्या पुरुषांना सोबत अ‍ॅरोमाटेज रोखणारे अ‍ॅनास्ट्रोझोलही दिले, म्हणजे त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होते, पण त्याचे इस्ट्रोजेन होऊ शकत नव्हते. स्नायू आणि ताकद टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असल्याचे दिसले. चरबी मात्र इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे वाढली, आणि इच्छा व ताठरता यांना दोन्ही संप्रेरकांची गरज असल्याचे आढळले. जाहिरातीत पोटाच्या घेराचे खापर ज्या इस्ट्रोजेनवर फोडले आहे, ते काढून घेतल्यावरच या पुरुषांची चरबी वाढली होती, ही बाब मी त्या प्रतिनिधीला फोनवर सांगितली तेव्हा पलीकडे काही क्षण शांतता होती. मग त्यांनी मला दुसऱ्या एका कॅप्सूलविषयी माहिती दिली.

माझ्या व्यायामशाळेतल्या एका परिचिताने कॅप्सूलच्या नादी न लागता खरेखुरे अ‍ॅनास्ट्रोझोल, कोणालाही न विचारता, स्नायू ‘कोरडे’ दिसावेत म्हणून घेतले होते. हे औषध मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी वापरले जाते आणि ते नावाला जागते. दोन महिन्यांत त्याचे गुडघे आणि बोटांचे सांधे दुखू लागले आणि इच्छा इतकी ओसरली की, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘टीव्ही चालू आहे पण आवाज बंद आहे’ असे वाटायचे. औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनी त्याला बरे वाटले. माझ्या कॅप्सूलने लेबलवरचे वचन पाळले असते तर माझीही गत याहून फार निराळी झाली नसती.

इस्ट्रोजेन पुरुषाला कधीच त्रास देत नाही, असा याचा अर्थ मात्र नव्हे. लठ्ठपणात चरबीतले अ‍ॅरोमाटेज वाढते, यकृत फार बिघडले तर इस्ट्रोजेनची विल्हेवाट नीट लागत नाही, वृषणाच्या काही गाठी ते थेट तयार करतात, आणि मग छातीवर ऊती वाढणे, इच्छा मंदावणे, शुक्राणू घटणे हे प्रकार घडतात. कारणही सरळ आहे. मेंदू रक्तातल्या इस्ट्राडिऑलवर नजर ठेवून असतो, ते जास्त दिसले की एल.एच. आणि एफ.एस.एच. या संप्रेरकांतून वृषणांना दिले जाणारे आदेश कमी करतो आणि वृषण सुस्तावतात. क्लोमिफेन हे औषध मेंदूतली हीच नजर चुकवते आणि आदेश वाढवते, म्हणून काही पुरुषांच्या वंध्यत्वात ते वापरले जाते. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिऑल यांचे गुणोत्तर दहाच्या खाली असलेल्या निवडक पुरुषांना काही डॉक्टर अ‍ॅनास्ट्रोझोलही देतात, पण तपासण्या करत, हाडांवर लक्ष ठेवून. कंपनीने उचललेला सत्याचा कण हा एवढाच आहे. माझे गुणोत्तर चौदाच्या आसपास होते. म्हणजे ज्या आजारावर हे उत्पादन विकले जाते, तो आजारच मला नव्हता.

मग मला होते काय, हे अखेर ज्या डॉक्टरांकडे तीन महिने आधी जायला हवे होते, त्यांनी शोधले. त्यांनी माझे सगळे अहवाल बाजूला सारले, मला उभे राहायला सांगितले, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला सांगितले आणि डाव्या बाजूला हात लावून दोन मिनिटांत म्हणाले, “हे पाहा, इथे शिरांचा गुंता हाताला लागतोय. व्हेरिकोसील आहे. तुम्हाला कधी जड वाटलं नाही का?” वाटले होते. प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. साधारण १५ टक्के पुरुषांत असा गुंता असतो, आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण याहून बरेच अधिक असते. त्यामुळे वृषणाचे तापमान वाढते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते. प्रत्येक व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया लागतेच असे नाही, पण हाताला लागणारा गुंता आणि बिघडलेली वीर्यतपासणी, दोन्ही एकत्र असतील तर तिचा विचार करतात. आमचा विचार चालू आहे. बाटली मी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी लेबल वाचले, जस्ताच्या आकड्यावर बोट ठेवून “हे मात्र आजच बंद करा” म्हणाले आणि घोड्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत.

सेवेविषयी दोन शब्द लिहून थांबतो. कॅप्सूलची मागणी एकदा नोंदवली की दर महिन्याला नवी बाटली आपोआप निघते, आणि हे कलम प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर, लाल काट्याच्या खाली, फिकट राखाडी अक्षरांत दिलेले आहे. चौथी बाटली मला नको असतानाच आली. ती परत घेतली गेली नाही. नोंदणी रद्द करण्यासाठी तीन पडदे ओलांडावे लागतात आणि शेवटच्या पडद्यावर कारण निवडावे लागते. तिथे ‘किंमत परवडत नाही’, ‘अपेक्षित परिणाम मिळाला, आता गरज नाही’, ‘गिळायला त्रास होतो’ आणि ‘इतर’ असे चार पर्याय होते. मी ‘इतर’ निवडले. खाली लिहायला पन्नास अक्षरांची चौकट उघडली, आणि त्यात मी ‘माझे इस्ट्रोजेन मला लागते’ एवढेच लिहिले.